रंधा मशीन आणि सोळा खाचा

आमच्या घरात टेबलफॅन एकच आहे आणि मागच्या उन्हाळ्यात तो मशीनला लावलेला असायचा. मशीन म्हणजे रंधा मशीन. दोन्ही हातांनी धरून लाकडावरून फिरवायचं, लाकूड गुळगुळीत करायचं, विजेवर चालणारं. माझे सासरे सुतार. ते पाच मिनिटं रंधा मारायचे, मग मशीन बंद करून पाटावर ठेवायचे, फॅन त्याच्याकडं वळवायचे आणि स्वतः पत्र्याखाली घाम पुसत बसायचे. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला की अर्धा प्यायचे, उरलेल्यात फडकं भिजवायचे, पिळायचे आणि मशीनवर टाकायचे. विजेच्या वस्तूवर ओलं फडकं टाकू नये एवढं मलाही कळतं. मी तसं म्हटलं.

"पिळलंय की," ते म्हणाले.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. मामा सत्तरीच्या पुढं गेलेत. किती पुढं, ते त्यांनाही नक्की ठाऊक नाही. आमच्या तेरमधल्या जुन्या दारांपैकी बरीचशी त्यांच्या हातची आहेत. गावातून जाताना ते माणसाकडं बघत नाहीत, दाराकडं बघतात. "हे कुरकुरतंय," म्हणतात आणि पुढं जातात. घरमालक नमस्कार करायला हात जोडून उभा असला तरी.

मशीन का तापतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मामांच्या हातामुळं.

झालं असं होतं. त्याच्या आदल्या दसऱ्याला संध्याकाळी मामा सोनं वाटायला बाहेर पडले. कुणीतरी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून घरापर्यंत आणून सोडलं. गाडी आमच्या दारात थांबली, माणसानं पाय खाली टेकवले, इंजिन बंद केलं आणि मग मामा पडले. चालत्या गाडीवरून पडले असते तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जरासं वाकडं बसलं होतं, अंगठ्याच्या खाली टेंगूळ आल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं चालतं. मामा म्हणाले, चौकट अशी बसवली असती तर लोकांनी घरी येऊन भांडण केलं असतं.

तोवर तीनेक महिने मशीन फळीवर पडून होतं. खंडेनवमीला पूजा करून ठेवलेलं, तसंच. संक्रांत झाल्यावर मामांनी ते खाली काढलं, सुरू केलं आणि पहिल्याच फळीला त्यातून जळका वास आला. हात मोडायच्या आधी मशीन तापत नव्हतं, मोडल्यावर तापायला लागलं. यात आणखी विचार करण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

सगळ्यांचं म्हणजे मुख्यतः माझ्या नवऱ्याचं. ते शिक्षक आहेत, शेजारच्या गावातल्या शाळेवर. त्यांना कुठल्याही गोष्टीचं कारण सापडल्याशिवाय जेवण जात नाही आणि कारण सापडलं की दुसरं कुणी जेवू शकत नाही. त्यांनी फोनवर व्हिडिओ बघितले. एक हिंदी बोलणारा माणूस स्वच्छ कपडे घालून मशीनसमोर उभा होता आणि सांगत होता की मोटरवर लोड आला की मोटर तापते. नवऱ्यानं तो व्हिडिओ मामांना दोनदा दाखवला.

"दादा, तुमच्या मनगटात जोर राहिला नाही. म्हणून तुम्ही अंगाचा भार टाकता. मशीन दाबलं जातं. लोड येतो."

"असंल," मामा म्हणाले.

"असंल नाही, आहेच."

"मग हाय," मामा म्हणाले.

त्यावर उपायही ठरला. हे मशीन मोडीत द्यायचं, नवं मागवायचं आणि ते चालवायला पलीकडच्या गल्लीतला एक कारागीर ठेवायचा. मामांनी खुर्ची टाकून बसायचं आणि त्याला सांगायचं. मशीन मागवायचं राहिलं, पण खुर्ची दुसऱ्याच दिवशी आली. लाल, प्लास्टिकची, हातांची. मामांनी तिच्याकडं चारी बाजूंनी बघितलं, हलवून बघितलं, पायांची जाडी बोटांनी मोजली आणि तिच्या पाठीवर सदरा टाकून कामाला लागले. नंतर कधी लांब फळी कापायची असली की एक टोक तिच्यावर टेकवायचे. फळीला बरी होती. मामा काही तिच्यात बसले नाहीत.

घरात बोलणं मशीनचं चाललं होतं, पण प्रश्न मामांचा होता. मशीन दुरुस्त झालं तर मामा काम करणार. नवं आलं तर मामा खुर्चीत. हे कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. आम्ही गॅरंटी, मोटर, पाती असलं काहीबाही बोलत होतो.

मला विचारलं तेव्हा मी नवं घ्या म्हणाले. हे लिहिताना लपवावं असं वाटत होतं, पण मग बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी नवऱ्याच्या बाजूनं होते. त्यात काळजी होती, ते खरं. त्या वासानं मी दोनदा हातातली भाकरी टाकून बाहेर धावले होते. पण सगळी काळजीच होती असंही नाही. वीस वर्षं मी भुशात संसार केलाय. डाळीत भुसा, दुधावर भुसा, वाळत घातलेल्या शेवयांवर भुसा. मशीन सुरू झालं की घरात ओरडून बोलायचं, आणि बंद झालं तरी मी ओरडूनच बोलते, त्यामुळं मी तापट आहे असं सगळ्यांना वाटतं. तापट मी आहे, पण आवाजाचं कारण वेगळं आहे. कारागीर ठेवला असता तर तो बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करणार होता. अंगण मोकळं होणार होतं. मी मनातल्या मनात तिथं कुंड्या मांडल्या होत्या.

"मामा, आता बसा की जरा," मी म्हणाले. "लई केलं तुमी."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा मोडला. माझ्याकडं बघितलं नाही. रागावले असते तर मी उलट बोलले असते, मला ते सोपं गेलं असतं.

त्याच आठवड्यात मी दुपारी स्वयंपाकघरात गेले तर मामा ओट्यापाशी उभे. ते कधी स्वयंपाकघरात येत नाहीत. नवऱ्यानं वजन कमी करायचं ठरवून एक छोटा वजनकाटा आणला होता, भात मोजून खायला. चार दिवस मोजला, पाचव्या दिवसापासून अंदाजानं. तो काटा मामांनी ओट्यावर ठेवला होता आणि त्याच्यावर उजव्या हाताचा तळवा टेकवून ते दाबत होते. आकडा वर जायचा. ते हात उचलायचे, परत टेकवायचे, जरा हलका. परत आकडा बघायचे. चष्मा नव्हता, म्हणून वाकून बघत होते. वाकलं की हातावर भार यायचा आणि आकडा आणखी वर जायचा.

मला बघितल्यावर त्यांनी हात काढून घेतला. चोरी सापडल्यासारखा.

"किती पायजे गं?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"दाब. किती असला म्हंजी तापत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. व्हिडिओतल्या माणसानंही ते सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मला न्हाय ठाव, मामा." त्यांनी मान हलवली, काटा फडक्यानं पुसून होता तिथं ठेवला आणि बाहेर गेले. पन्नास वर्षं ज्या हाताकडं त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं, तो हात आता ते जोखत होते. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. तरी मी माझं मत बदललं नाही, कुंड्यांचं चित्र डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्यात एक चौकट अडकली होती. शेजारच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याचं घर चाललं होतं आणि त्यानं पुढच्या दाराची चौकट मामांनाच सांगितली होती. चौकट उभी करायचा मुहूर्त काढलेला, पाहुण्यांना सांगून झालेलं. सागवानाचे चार तुकडे अंगणात पडले होते, त्यातल्या एकाला अर्धा रंधा मारलेला. मामांनी जुना हातरंधा काढून बघितला. हातरंध्याला सगळा जोर मनगटाचा लागतो. चार हात मारले आणि मनगट धरून उभे राहिले. मशीनशिवाय ते चौकट करू शकत नव्हते आणि मशीन त्यांच्या हातात टिकत नव्हतं.

शेवटी त्यांनी मुलाकडं एक मागणं केलं. मामा मागत नाहीत, त्यामुळं ते कसं करायचं हेही त्यांना नीट जमलं नाही. अंगणातच उभे राहून म्हणाले, "एकडाव वायंडिंगवाल्याला दावू. त्यो म्हनला मोडीत, तर मोडीत. म्या पुन्यांदा बोलनार न्हाय."

नवऱ्यानं मान्य केलं. शाळा होती म्हणून मामांबरोबर मला जायला सांगितलं आणि जाताना बजावलं, "वायंडिंग जळलं असेल तर तिथंच ठेवून या. परत आणू नका."

धाराशिवच्या एसटीत गर्दी होती. मामांनी मशीन जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. कॉलेजच्या एका मुलीनं उठून त्यांना जागा दिली. मामांनी तिला तोंडभर आशीर्वाद दिला, सीटवर मशीन ठेवलं आणि स्वतः बाजूला दांडीला धरून उभे राहिले. मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघितलं.

वायंडिंगवाल्याचं दुकान म्हणजे दोन माणसं समोरासमोर बसली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढं. पाण्याच्या मोटारी, मिक्सर, पंखे, सगळे पोट फाडून मांडलेले. दुकानदार मामांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान होता, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, बोलणं कमी. मामांनी मशीन त्याच्यासमोर ठेवलं आणि लगेच म्हणाले, "माझा हात मोडला व्हता. दाब लई पडतोय. त्यानं तापतंय."

आजार डॉक्टरला सांगायच्या ऐवजी गुन्हा पोलिसाला सांगावा, तसं म्हणाले.

दुकानदारानं स्क्रू काढले. वरचं झाकण सहज निघालं नाही. त्यानं पेचकस घालून हलकेच उचकटलं, तेव्हा टक् असा आवाज होऊन ते सुटलं आणि आतून काहीतरी वर्तमानपत्रावर पडलं. तांबडं-काळं, जाड, साबणाच्या वडीच्या तुकड्यासारखं. मग दुसरा तुकडा. मग तिसरा. त्यानं एक उचलला, नाकाशी नेला. चष्मा वर केला आणि परत हुंगला.

"खोबरेल तेल?" तो स्वतःशीच म्हणाला.

मग त्यानं तो तुकडा चुरडला. आत पिवळं निघालं. पिवळ्यात तांदळाचे तीन दाणे निघाले, अख्खे. एक झेंडूची पाकळी निघाली, वाळून कागद झालेली. त्यानं सगळं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं आणि आमच्याकडं बघितलं.

"मशीन हाय का देऊळ?" त्यानं विचारलं.

मामांना काही कळलं नव्हतं. मला सगळं कळलं होतं.

त्यासाठी जरा मागं जावं लागेल. माझं माहेर माकणीचं, तेही सुताराचंच घर. पण तिथं खंडेनवमीला हत्यारांची पूजा वडील करायचे, आम्ही लांबून बघायचो. इथं सासरी ती पूजा घरातली बाई करते. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला सासूबाईंनी मला पाटावर बसवलं, समोर करवत, वाकस, पटाशी, हातरंधा. लोखंडाला पाणी लागून गंज चढू नये म्हणून आमच्याकडं हळद आणि कुंकू दोन वाट्यांत खोबरेल तेलात कालवतात. मी प्रत्येक हत्याराला एकेक टिकली लावली. सासूबाई म्हणाल्या, "आगं, हात आखडू नको. वर्सभर ह्याच्यावर जेवायचं हाय." आणि हातरंध्याची ती खाच असते ना, जिथून भुसा बाहेर पडतो, ती त्यांनी मला दाखवली. ती खाच भरायची, आधी हळद, वर कुंकू, काठोकाठ. वर अक्षता, वर फूल. म्हणजे वर्षभर तिच्यातून काम निघत राहतं.

मी शिकले. सासूबाई गेल्या, मशीन आलं. पहिल्या खंडेनवमीला ते पाटावर मांडलं तेव्हा मी त्याची खाच शोधली. खाली पाती होती, तिथं बोट घालायची भीती वाटली. मागच्या बाजूला मात्र खाचाच खाचा होत्या, दोन्हीकडं आठ-आठ. चालू असताना तिथं हात नेला की वारा लागायचा, म्हणजे आतला रस्ता तोच असणार. सासूबाईंनी एक खाच भरायला सांगितली होती, मशीनला सोळा होत्या. मी सगळ्या भरल्या. दरवर्षी भरल्या. हात न आखडता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं की बरंचसं उडून जात असावं. त्या वर्षी हात मोडला, मशीन फळीवर राहिलं, आणि मी घातलेलं तेल-कुंकू तीन महिने निवांत बसून दगड झालं.

"ह्यातनं वारा आत-बाहेर जातो," दुकानदार सांगत होता. "वारा गेला तर मोटर गार राहती. तुमी बुच मारलंय. त्यात भुसा चिकटला. आता ती तापंल न्हाय तर काय करंल?"

"पन दाब—" मामा म्हणाले.

"दाबाचं काय न्हाय."

"माझा हात मोडला व्हता."

"आवो मिस्त्री, वारा बंद आन वरनं दाब, असं असतं तर हे वायंडिंग कवाच काळं पडलं असतं." त्यानं मोटर उजेडाकडं धरली. आत तांब्याची तार चकचकीत होती, पूजेच्या तांब्यासारखी. "बघा की. हे चांगल्या हाताचं मशीन हाय. असं आमच्याकडं कवा येत न्हाय."

मामा वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"तांबडंच हाय न्हवं?"

"तांबडंच हाय."

"कुठंच काळं न्हाय?"

"न्हाय हो."

मामांनी सरळ उभं राहून सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि दुकानात धूळ लई हाय म्हणाले. धूळ होती, ते खोटं नाही.

दुकानदारानं ब्रशनं सगळं साफ केलं, घासलेले कार्बन बदलले, झाकण लावायला घेतलं आणि तेव्हा त्यानं विचारलं, "पर हे भरतंय कोन?"

मी तोंड उघडलं. मग मिटून वर्तमानपत्रावरच्या त्या तीन दाण्यांकडं बघायला लागले. संक्रांतीपासून त्या माणसाला सगळ्यांनी बोल लावला होता, मी तर ते जेवत असताना त्यांना आता काम सोडून बसा म्हणाले होते, आणि कारण माझ्या पाच बोटांत होतं.

"म्याच," मामा म्हणाले. "घरातली पूजा म्याच करतो."

दुकानदारानं त्यांना लहान पोराला बोलावं तसं बोलून घेतलं. एवढी लाकडं तासली, एवढं वय झालं, मशीनला नाक असतं हे कळत नाही का, वगैरे. मामा मान डोलवत ऐकत होते. एवढं बोलणं खाताना मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. निघताना दुकानदारानं वर्तमानपत्रावरचं सगळं गोळा करून पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "देवाचं हाय, ताई. नालीत कसं टाकू?"

स्टँडवर बस लागायची होती. मी म्हटलं, "मामा, ते मी..."

"ठाव हाय मला. माज्या घरात कुंकू कोन लावतं, ते मला ठाव नसंल व्हय?"

"मग तुमी का म्हनलात?"

"त्यो परका मानूस. त्याच्याम्होरं कशाला?" मग म्हणाले, "घरी बी सांगू नको. पोरगा हसंल तुला. माज्या हाताचं न्हवतं, एवढं मला कळलं. बास झालं."

मी हो म्हटलं. माझी सोय होती त्यात, आणि मी सोयीची माणूस आहे. पुडी तुळशीत टाकायची आणि विषय संपवायचा, असं मी बसमध्ये पक्कं केलं.

संध्याकाळी नवरा आला. मशीन पाटावर होतं, फॅन माझ्याकडं होता.

"काय निघालं?"

"भुसा," मामा म्हणाले. "अडकला व्हता."

"म्हणजे साफच केलं नाही तुम्ही. दादा, मी हेच म्हणतो ना. हाताचं नसेल, पण ध्यान राहत नाही आता. उद्या बोट जाईल पात्यात, मग? मी नवं मागवूनच टाकतो." आणि फोन काढला.

 सकाळी हाताचा दोष होता, संध्याकाळी डोक्याचा झाला आणि तोही मामांनी घेतला. त्यांनी खुर्चीवरचा सदरा उचलला. मला वाटलं, आता हे बसतात. खरंच बसतात. माझ्या एका न बोलण्यामुळं.

मी आत गेले, ताट आणलं, नवऱ्यापुढं ठेवलं आणि त्यात पुडी सोडली. वडीचे तुकडे, चुरा, तीन तांदूळ, पाकळी.

"हे काय?"

"हे मशीनमधनं निघालं. हे मी भरलंय. दरवर्षी. सोळाच्या सोळा खाचा. मामांचा हात न्हाय, ध्यान न्हाय, काही न्हाय. मी." माझा आवाज मशीन चालू असल्यासारखा चढला होता. "तो वायंडिंगवाला म्हनला, चांगल्या हाताचं मशीन हाय. आता मला हसायचं तर हसून घ्या, पर तो फोन खाली ठेवा."

नवरा हसला नाही. त्यांनी तांदळाचा एक दाणा उचलून बघितला. मग बापाकडं बघितलं. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, शिक्षकांना ती सवय नसते. ते उठले, लाल खुर्ची उचलली, ओसरीत नेऊन ठेवली आणि तिच्यात स्वतः बसले. अजून तिथंच बसून पेपर वाचतात. फळी टेकवायला मामांनी चार पायांचं लाकडी घोडं केलं.

चौकट मुहूर्ताच्या दोन दिवस आधी झाली. मामा मधूनमधून मशीन थांबवायचे, त्याच्यावर तळवा ठेवायचे आणि मला हाक मारायचे, "हात लावून बघ." मी बघायचे. कोमट असायचं. काम चालू असलेल्या माणसाचं अंग असतं, तेवढंच. त्यांना ते दिवसातून आठ वेळा दाखवायचं असायचं आणि मी हातातलं पीठ पुसून आठ वेळा जात होते. कुंड्या अजून आणल्या नाहीत. डाळीत भुसा आहे.

मग परत खंडेनवमी आली. मी पाट मांडला, रांगोळी काढली, हत्यारं पुसून ठेवली. दोन वाट्यांत तेल घेतलं, एकीत हळद, एकीत कुंकू कालवलं आणि मशीनपाशी आल्यावर थांबले. लावू की नको, कळेना. मामा पूजेच्या वेळी कधी जवळ येत नाहीत. त्या दिवशी येऊन समोर बसले. मशीन उलटं करून मांडीवर घेतलं आणि पात्याशेजारची खाच बोटानं दाखवली, भुसा पडतो ती.

"ही. एवढीच," म्हणाले. "हात आखडू नको."

आणि मागच्या खाचांमध्ये काही जाऊ नये म्हणून त्यांनी उजव्या हाताचा तळवा त्या जाळीवर झाकणासारखा दाबून धरला.

मी खाच भरली. काठोकाठ. बोट मागं घेताना कुंकवाचा एक थेंब मामांच्या मनगटावर पडला, हाड वाकडं बसलंय तिथंच. मी फडकं शोधायला लागले. मामांनी हात काही जाळीवरून उचलला नाही.

वीस वर्षांत मी त्यांच्या पायांना हात लावला होता, हाताला कधी नाही. पण आमच्याकडं पूजेत नुसतं कुंकू ठेवत नाहीत. मी दुसऱ्या वाटीत बोट बुडवलं आणि त्या थेंबाशेजारी हळद लावली.